ग्लायडर का पडला ते उद्यमबागेत कळलं (४ स्टार)

येळ्ळूरच्या राजहंसगडावरनं पोरांनी घरी बनवलेला रिमोटचा ग्लायडर उडवला आणि वळताना एक पंख सरळ वरच दुमडला, सगळे म्हणाले वारा लई होता. तुकडे घेऊन बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीची लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा करायचे नमुने) बनवणाऱ्या काकांकडं गेलो. काकांनी पंखातल्या मुख्य पट्टीचा जोड उजेडाला धरला आणि नखानं खरवडून दाखवला, म्हणाले चांगला जोड तुटला की लाकडाचे तंतू उपटून येतात, इथं इपॉक्सी (चिकटवायचा डिंक) काचेसारखं चकचकीत राहिलंय, म्हंजे पॉलिशपेपर न मारताच चिकटवलंय. वर क्लॅम्प इतका आवळला की डिंक सगळा बाहेर! ६० अंश कलून उंची न सोडता वळलं तरी पंखावर भार दुप्पट होतो, मग कुठला टिकतोय जोड. वाऱ्याला उगाच शिव्या बसल्या.

नवी पट्टी झकास करून दिली, दरही वाजवी. एक स्टार कापला कारण फोन उचलत नाहीत आणि ‘उद्या या’ म्हंजे पुढचा आठवडा धरायचा बघा. न्यायचं असेल तर सगळे तुकडे न्या, पुसू नका आणि तुटलेली टोकं एकमेकांत बसवून तर अजिबात बघू नका, कसं तुटलं त्याची खूण जाते.