शब्दांकन चोख, प्रकाशन महागडे : एका ‘संपूर्ण पुस्तक सेवे’चा अनुभव

माझे वडील, ज्यांना घरी आम्ही अण्णा म्हणतो, जून १९६७ मध्ये एसटीत चालक म्हणून लागले आणि पस्तीस वर्षांनी चिपळूण आगारातून निवृत्त झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक व्हावे अशी आम्हा भावंडांची इच्छा होती. पण अण्णा बोलणारे, लिहिणारे नव्हेत. म्हणून गेल्या वर्षी आम्ही पुण्यातील एका संस्थेची शब्दांकनापासून छपाईपर्यंतची ‘संपूर्ण’ सेवा घेतली. एकूण खर्च १,४०,००० रुपये झाला. त्यातले ६५,००० शब्दांकनाचे आणि उरलेले ७५,००० तीनशे प्रतींच्या निर्मितीचे. संस्थेचे नाव लिहीत नाही, कारण मी मागवलेल्या चारही माहितीपत्रकांत जवळजवळ हीच योजना याच शब्दांत छापलेली होती आणि हा अनुभव त्यांपैकी कोणाकडेही आला असता.

आधी चांगले सांगते. शब्दांकन करणाऱ्या बाई पाच वेळा चिपळूणला आल्या, प्रत्येक वेळी दोन-अडीच तास बसल्या आणि ध्वनिमुद्रण चालू असतानाही वहीत टिपणे घेत राहिल्या. पहिल्या प्रकरणाचा कच्चा खर्डा मात्र निराशाजनक होता. घाटात गाडी उतरवण्याबद्दल अण्णा म्हणाले होते, “ब्रेक तापले की आधी वास येतो, पायाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो.” खर्ड्यात त्याचे झाले होते, “कुंभार्ली घाटातील प्रत्येक वळण ही जणू माझ्या कर्तव्यनिष्ठेची परीक्षाच होती.” मी वाचून दाखवल्यावर अण्णांनी विचारले, “हे कोण बोलतंय?” बाईंनी हा प्रश्न मनाला लावून न घेता संपूर्ण प्रकरण पुन्हा ध्वनिमुद्रणावरून लिहिले, आणि त्यानंतरच्या एकाही पानावर तसली परीक्षा आली नाही. उलट त्यांनी आमच्याही चुका पकडल्या. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आपण अजून नोकरीला लागलो नव्हतो असे अण्णा ठामपणे सांगत होते. बाईंनी त्यांचे सेवापुस्तक मागवून घेतले, भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा असल्याचे दाखवले, आणि मग अण्णांना त्या रात्रीच्या मुक्कामाची आणि हललेल्या गाडीची आठवण हळूहळू येत गेली. पुस्तकातले सर्वांत चांगले प्रकरण तेच आहे. शब्दांकनासाठी कोणाकडे जाणार असाल तर त्यांची आधी छापलेली पुस्तके पाहण्यावर समाधान मानू नका; तुमच्याच माणसाच्या तासाभराच्या ध्वनिमुद्रणावरून दहा पाने लिहून मागा, त्याचे वेगळे पैसे द्या, आणि ती पाने त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा.

कराराकडे आमचे लक्ष उशिरा गेले. संस्थेच्या छापील नमुन्यात ध्वनिपुस्तक आणि अनुवाद यांसह सर्व हक्क ‘कायमस्वरूपी’ संस्थेकडे जात होते, तेही छपाईचा संपूर्ण खर्च आम्ही करत असताना. ते कलम खोडायला सांगितले तेव्हा समोरच्या गृहस्थांनी हूं की चूं न करता खोडले, यावरून ते नेहमी कोणासाठी ठेवलेले असते याचा अंदाज येतो. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट त्या नमुन्यात नव्हतीच. आठवणी अण्णांच्या असल्या तरी वाक्ये बाईंनी लिहिलेली होती, आणि लेखी करार नसेल तर शब्द लिहिणाऱ्याचा हक्क पुढे उभा राहू शकतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आम्ही बाईंशी वेगळा दोन पानी करार केला, मुदत व प्रदेश स्पष्ट लिहिले, आणि आतल्या पानावर ‘शब्दांकन’ म्हणून त्यांचे नाव छापले. नाव लपवण्याचा आग्रह संस्थेचा होता, आमचा नव्हे.

निर्मितीच्या बिलात ‘आयएसबीएन (म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) व बारकोड’ यासाठी ३,००० रुपये होते. भारतात हा क्रमांक केंद्रीय शिक्षण मंत्रालयाखालील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था विनामूल्य देते, आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही तो ऑनलाइन अर्ज करून मिळतो. संस्थेने तो स्वतःच्या नावाने घेतला, म्हणजे नोंदीत प्रकाशक तेच. ‘राष्ट्रीय ग्रंथालयात नोंद’ ही जाहिरातीतली आणखी एक सुविधा. वास्तविक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरावीक ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत तीस दिवसांत स्वखर्चाने पाठवणे हे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाचे कर्तव्यच आहे.

सर्वांत वाईट भाग मांडणीचा. आमचा मजकूर युनिकोडमध्ये होता, संस्थेचा मांडणीकार जुन्या फॉन्टमध्ये काम करणारा. रूपांतरात ‘ऱ्य’ ठिकठिकाणी ‘र्य’ झाला. दोन मुद्रिते (छपाईआधीची प्रुफे) आम्ही तपासली, तिसरे ‘वेळ नाही’ म्हणून दाखवलेच नाही, आणि छापील पुस्तकात कुंभार्ली घाटाच्या दोन्ही बाजूंना ‘खोल दर्या’ पसरला. अण्णांनी आजवर भेट दिलेल्या प्रत्येक प्रतीत बॉलपेनाने दर्याच्या पुन्हा दऱ्या केल्या आहेत. मजकूर १६३ पानांवर संपत होता, सोळा पानांचा एक याप्रमाणे साडेदहा फॉर्मांची (छपाईच्या घड्यांची) १६८ पाने होतात. उरलेली पाच पाने कोरी सोडण्याऐवजी, किंवा आम्हाला विचारून दोन छायाचित्रे घालण्याऐवजी, तिथे संस्थेने आपल्या इतर पुस्तकांची यादी छापली. कागद ठरल्याप्रमाणे पिवळसर न देता पांढराशुभ्र दिला. बांधणी शिवलेली नसून नुसती डिंकाची आहे आणि पुस्तक सपाट उघडले की कण्याजवळ कडकन आवाज येतो.

वितरणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पन्नास प्रती संस्थेकडे राहिल्या, एका संकेतस्थळावर मुखपृष्ठ झळकले, दहा महिन्यांत अकरा प्रती गेल्या. याच काळात चिपळूण आणि कराडच्या आगारांतल्या जुन्या सहकाऱ्यांनी आमच्याकडून साठ प्रती रोख पैसे देऊन नेल्या.

त्या बाईंकडे मी पुन्हा जाईन, बहुधा आईच्या आठवणींसाठी. संस्थेकडे नाही. दुसऱ्या आवृत्तीसाठी क्रमांक अण्णांच्या नावाने घेणार आहोत, मुद्रितशोधकाला वेगळे मानधन देणार आहोत आणि शंभरच प्रती शिवून बांधून घेणार आहोत. अडचण एकच उरली आहे: संस्थेने आम्हाला फक्त पीडीएफ दिली, मांडणीची मूळ फाइल करारात लिहिलेली नव्हती, आणि तिच्यासाठी आता आणखी ८,००० रुपये मागितले जात आहेत.