इन्फ्रारेड सॉनाच्या नावाखाली माझी झालेली फसवणूक

घरी मागवलेल्या इन्फ्रारेड सॉनाच्या केबिनच्या पडद्यावर 62 अंश दिसत होते. त्याच वेळी मी आत छातीच्या उंचीवर टांगलेला साधा तापमापक 47 दाखवत होता. 50 मिनिटं बसूनही अंगाला जेमतेम ओल आली होती. केबिन घरी येऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. इतके दिवस मी स्वतःचीच समजूत घालत होते, की नवीन आहे, सवय होईल. परत करण्याची मुदत 14 दिवसांची होती. त्यातले अकरा असे गेले, याचं मला पैशांइतकंच वाईट वाटतं.

मी सॉनाला नवखी नव्हते. व्यायामशाळेतल्या पारंपरिक सॉनात दोन वर्षं नियमित बसत होते. तापलेले दगड, 80-90 अंशांची कोरडी हवा, मग दगडांवर पळीभर पाणी टाकलं की कानांपर्यंत चढत येणारी वाफ. फिनलंडमध्ये या वाफेला स्वतंत्र शब्द आहे, लोयलू. तो अनुभव घरी हवा म्हणून मी चौकशी सुरू केली. लहानशा खोलीलासुद्धा साधारण 6 किलोवॉटचा हीटर, त्याच्यासाठी वेगळी वायरिंग, भिंतींना उष्णतारोधक थर, वाफ मुरू नये म्हणून आतून आवरण, हवा खेळती राहायला झरोके, आणि तापायला अर्धा-पाऊण तास. आमच्या इलेक्ट्रिशियनने बोर्ड बघून सांगितलं की एवढा भार या लाइनवर चालणार नाही. मग मी इन्फ्रारेडकडे वळले, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्ण किरणांनी अंग तापवणाऱ्या केबिनकडे.

इन्फ्रारेड केबिन ही मुळातच लबाडी आहे, असं मी म्हणत नाही. ती वेगळी वस्तू आहे. तिच्यात आधी हवा तापत नाही, पॅनेलसमोरचं अंग तापतं. म्हणून 45 ते 60 अंशांतही घाम येऊ शकतो, साध्या प्लगवर चालते, वीज कमी लागते. ज्यांना 85 अंश सोसत नाहीत, त्यांना ती बरी वाटू शकते. मला मात्र ती अशी विकली गेली नाही. विक्रेत्याने फोनवर मला सांगितलं, "ताई, पारंपरिक सॉनाचे सगळे फायदे यात आहेत, उलट जास्तच. किरणं त्वचेखाली चार सेंटिमीटर आत जातात, शरीरातली विषद्रव्यं घामावाटे बाहेर काढतात."

दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. दूर-इन्फ्रारेड, म्हणजे लांब तरंगलांबीची इन्फ्रारेड किरणं त्वचेतल्या पाण्यात लगेच शोषली जातात, मिलिमीटरच्याही लहानशा भागात. त्यापुढे उष्णता आत जाते ती रक्तातून, कोणत्याही गरम जागेत जाते तशीच. आणि घाम म्हणजे बहुतांश पाणी आणि थोडे क्षार. शरीरातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात.

सगळ्यात मोठी फसवणूक झाली ती संशोधनाच्या नावाने. विक्रेत्याने मला एक माहितीपत्रक पाठवलं. त्यात फिनलंडचा अभ्यास ठळक अक्षरांत होता. तो अभ्यास खरा आहे. 2015 साली प्रसिद्ध झाला. पूर्व फिनलंडमधले 42 ते 60 वर्षांचे 2315 पुरुष, सुमारे 20 वर्षांचा पाठपुरावा. आठवड्यातून 4 ते 7 वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचं प्रमाण आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं. पण ती सगळी माणसं पारंपरिक सॉनात बसणारी होती, तापमान सरासरी 79 अंशांच्या आसपास. शिवाय तो निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, सॉनामुळेच मृत्यू टळले असं त्यातून सिद्ध होत नाही. इन्फ्रारेडचा तर त्यात संबंधच नव्हता. हे मला मूळ अभ्यासाचा सारांश वाचल्यावर कळलं, आणि तो मी वाचला पैसे भरल्यानंतर.

पत्रकात जपानच्या 'वाऑन' उपचाराचाही उल्लेख होता. तो दूर-इन्फ्रारेडचाच आहे हे खरं. पण तिथे हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांना 60 अंशांत 15 मिनिटं बसवतात, मग अर्धा तास ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवतात, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी एकट्याने केबिनमध्ये बसणं म्हणजे तो उपचार नव्हे.

हे मी इतकं तपशिलात लिहितेय, कारण मी आईला त्यात बसवणार होते. ती रक्तदाबाच्या गोळ्या घेते. "कुठल्याही वयाला सुरक्षित, हृदयाच्या पेशंटला तर खास," असं विक्रेत्याने सांगितलं होतं. नशिबाने आईची तपासणी त्याच आठवड्यात होती. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने रक्तवाहिन्या पसरतात, रक्तदाब उतरतो, त्यावर या गोळ्यांचा परिणाम. उठताना चक्कर येऊन पडल्या तर काय कराल? तो प्रश्न ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

आता केबिनबद्दल. 'फुल स्पेक्ट्रम' म्हणून जास्तीचे पैसे घेतले होते, म्हणजे निकट, मध्यम आणि दूर अशी तिन्ही प्रकारची किरणं. आत होती काळी कार्बन पॅनेल्स आणि छताला लाल एलईडीची पट्टी. माझा आत्तेभाऊ भौतिकशास्त्र शिकवतो. तो आला, पॅनेलवर तापमापक बंदूक धरली, 75 अंश. तिथेच वहीवर गणित मांडून दाखवलं. वस्तू जितकी गरम, तितकी तिच्यातून निघणाऱ्या किरणांची तरंगलांबी आखूड. 75 अंशांच्या पृष्ठभागाचा जोर सुमारे 8 मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, म्हणजे निव्वळ दूर-इन्फ्रारेड. निकट-इन्फ्रारेड 1.4 मायक्रॉनच्या खाली. तिथे जोर आणायचा तर पृष्ठभाग 1800 अंशांच्या आसपास तापायला हवा, दिव्याच्या तारेसारखा झगझगीत. "आणि ही लाल पट्टी?" मी विचारलं. तो म्हणाला, "ताई, तुला ती लाल दिसतेय ना? मग तो दृश्य प्रकाश आहे." विल्यम हर्शेल यांनी 1800 साली लोलकातून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यात लाल रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे तापमापक ठेवला आणि पारा चढला. इन्फ्रारेडचा शोध लागला तो असा. इतकी साधी गोष्ट मला आधी सुचली नाही.

मग आम्ही प्लगला वीज मोजणारं छोटं मीटर लावलं. पाटीवर 2200 वॉट छापलेलं होतं. केबिन पूर्ण जोरात असताना मीटर 1150 च्या पुढे गेलं नाही. 62 अंशांचं कोडंही सुटलं. तापमानाचा सेन्सर पॅनेलच्या अगदी वर, त्याला जवळजवळ चिकटून बसवला होता.

वासाचंही तसंच. 'अस्सल हेमलॉक' लाकडाची म्हणून घेतलेल्या केबिनमध्ये तापल्यावर डोळे चुरचुरायचे. फोन केला की उत्तर ठरलेलं, "पहिले काही दिवस लाकडाचा वास येतोच." पॅनेल बदलायला मागची फळी काढली तेव्हा कड दिसली. वरून कागदाइतका पातळ लाकडी पापुद्रा आणि आत प्लाय. साध्या प्लायच्या गोंदात बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड असतं, आणि उष्णतेने त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू जास्त सुटतो. बंद पेटीत बसून मी तो रोज श्वासावाटे आत घेत होते की काय, हा विचार आजही मला सोडत नाही.

कागदपत्रांचा खेळ आणखी निराळा. 'एफडीए नोंदणीकृत' असं मोठ्या शिक्क्यात होतं. एफडीए म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी अमेरिकेची सरकारी संस्था. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, हे मला माहीत नव्हतं. 'शून्य ईएमएफ', म्हणजे विद्युतचुंबकीय क्षेत्र अजिबात नाही, असं लिहिलं होतं. वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र शून्य असूच शकत नाही, कमी असू शकतं. सॉना हीटर आणि इन्फ्रारेड केबिनसाठी आयईसी 60335-2-53 हे सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा चाचणी अहवाल मी हट्टाने मागितला. आला, पण त्यावर मॉडेल दुसरंच आणि उत्पादकही दुसराच.

तेराव्या दिवशी मी परत करण्याचा ईमेल पाठवला. उत्तर आलं, जोडणी केलेली वस्तू परत घेतली जात नाही. जोडल्याशिवाय ती तपासायची कशी, याला उत्तर नाही. 'आज रात्रीपर्यंतच सवलत' म्हणून मी पूर्ण रक्कम थेट बँक खात्यात भरली होती. कार्डाने दिली असती तर हरकत घ्यायला वाट होती. बँकेने हात वर केले. तीन महिने मीटरचे फोटो, तापमानाचे फोटो, तो चुकीचा अहवाल, सगळं पाठवत राहिले, तेव्हा कुठे पाचवा हिस्सा परत मिळाला. तोही 'सदिच्छा म्हणून'.

तुम्ही घ्यायच्या विचारात असाल तर पैसे देण्याआधी त्याच मॉडेलच्या केबिनमध्ये अर्धा तास बसून या, आणि जाताना स्वतःचा तापमापक न्या. मॉडेल क्रमांक असलेला चाचणी अहवाल मागा. लाकडाची कापलेली कड दाखवायला सांगा. फायद्यांचा पुरावा म्हणून जो अभ्यास दाखवतील, त्यात माणसं कोणत्या सॉनात आणि किती अंशांत बसली होती, एवढी एकच ओळ शोधा. परतीची अट जोडणीनंतरही लागू आहे का, ते लेखी घ्या.

गेल्या आठवड्यात एक नवी जाहिरात दिसली. विक्रेत्याचं नाव वेगळं, केबिनचा फोटो तोच, लाल पट्टीसकट. मी चाचणी अहवाल मागवून घेतला. त्यावरचा क्रमांक माझ्याकडच्या अहवालाचाच आहे.