जीन ऑट्रीचा नाताळ: कोलंबियाचा की 1957 चा?

जुन्या अमेरिकी चित्रपटांतल्या गाणाऱ्या काउबॉयपैकी नाताळासाठी एकाचीच रेकॉर्ड घरात ठेवायची, तर ती जीन ऑट्रीची, यावर सहसा वाद होत नाही. रॉय रॉजर्सचा गळा त्याच्यापेक्षा तयार होता, हे मी ऑट्रीचा चाहता असूनही मान्य करतो. 'सन्स ऑफ द पायोनिअर्स' या गायकांच्या चमूत मुरलेला माणूस तो, योडलिंग, म्हणजे गळा झटक्यात वर-खाली नेत गाणं, त्याला लीलया जमायचं. बायको डेल एव्हान्सबरोबरची त्याची 1967 ची 'ख्रिसमस इज ऑलवेज' ही एलपी मोठ्यांनी निवांत ऐकावी अशी आहे. मुलं मात्र तिच्यात रमत नाहीत, निदान आमची तरी नाही रमली. 'रायडर्स इन द स्काय' या अलीकडच्या काउबॉय बँडचा 1999 चा 'ख्रिसमस द काउबॉय वे' गमतीचा आहे, पण मूळ माल ऐकून झाल्यावर घ्यावा.

तेव्हा ऑट्रीच. खरा घोळ त्यानंतर सुरू होतो: कुठला ऑट्री?

कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी त्याने 1947 साली 'हिअर कम्स सांता क्लॉज' गायलं, 1949 साली लाल नाकाच्या रेनडिअरचं 'रुडॉल्फ', 1950 साली बर्फाच्या माणसाचं 'फ्रॉस्टी'. मग 1957 मध्ये स्वतःच्या चॅलेंज या कंपनीसाठी 'हिअर कम्स सांता क्लॉज' आणि 'रुडॉल्फ' ही लोकप्रिय गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित केली. जुनी मुद्रणं कोलंबियाची होती, नवी घरची झाली. पुढे जो रेडिओ-टीव्ही स्टेशनं आणि एंजल्स हा बेसबॉल संघ बाळगून होता, त्या गड्याला हा हिशोब कुणी शिकवायला नको होता.

1957 चा ऑट्री वाईट आहे असं मी म्हणणार नाही. आवाज स्वच्छ येतो, आजच्या स्पीकरवर भरल्यासारखा वाटतो. स्वयंपाक करताना मागे लावून ठेवायला, पाहुण्यांच्या गलक्यात ऐकायला तोच बरा पडेल. माणूस तेव्हा पन्नाशीला टेकलेला. गाणी रुळून गुळगुळीत झालेली. सगळं जिथल्या तिथे.

आणि तिथेच माझं मन उडतं. 1949 च्या 'रुडॉल्फ'मध्ये एक बिचकलेपण आहे. जॉनी मार्क्सचं हे गाणं ऑट्रीला गायचंच नव्हतं, बायको आयनाच्या आग्रहाने त्याने ते घेतलं, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. जूनमध्ये ध्वनिमुद्रण झालं, आणि वर्ष संपता संपता ते पहिल्या क्रमांकावर होतं. सुरुवातीला तो रेनडिअरांची नावं घेतो ती ऐका. गाण्याचा आव नाही, ओट्यावर बसून पोरांना गोष्ट सांगावी तसा सूर. मागे पिनाफोर्स या बायकांची साथ, तीही बेताची. शब्दन्‌शब्द कळतो. माझ्या सासूबाईंना अमेरिकन उच्चार डोक्यावरून जातात, पण हा त्यांना पहिल्या फटक्यात समजला. 'हिअर कम्स सांता क्लॉज'चंही तसंच. हॉलिवूडच्या 1946 च्या नाताळ मिरवणुकीत घोड्यावरून जाताना मागून सांता येतोय म्हणून पोरं ओरडत होती, त्यावरून ते सुचलं. तो ताजेपणा 1947 च्या मुद्रणात अजून ओला आहे.

तरी एवढ्यावर मी निर्णय घेतला नसता. मला वैताग आणला तो फोनवरच्या स्ट्रीमिंग ॲपमधल्या यादीने. गाण्याचं नाव तेच, गायक तोच, चित्रात टोपी आणि हसरा चेहरा तोच, आणि समोर छापलेलं साल गाण्याचं नव्हे, तर संकलन बाजारात आलं त्याचं. जुना म्हणून लावावा आणि नवा वाजावा. 'हिअर कम्स'ची तर गंमतच आहे: कोलंबियासाठीच त्याने ते 1953 मध्ये पुन्हा गायलं, म्हणजे एकूण तीन झाली. गाडीत मागून धाकटी ओरडते, "बाबा, हा तो नाहीये!" मी गाडी चालवत असतो, दुसऱ्या ओळीपर्यंत मलाही खात्री नसते. बरं, आपण शोधून यादी बनवावी, तर पुढच्या डिसेंबरला त्यातली दोन गाणी ॲपमधून काढल्यामुळे राखाडी होऊन बसलेली असतात, वाजतच नाहीत.

शेवटी मी कोलंबियाच्या जुन्या मुद्रणांची सीडी घेतली. घेताना मागची बाजू वाचा. 'रुडॉल्फ'पुढे पिनाफोर्स आणि 'फ्रॉस्टी'पुढे कॅस काउंटी बॉइज ही साथीदारांची नावं असतील, तर बहुतेक हवं तेच हातात आहे. नावं नाहीत, सालं नाहीत, नुसतं 'सर्वोत्तम नाताळ गाणी' असं लिहिलंय, तर मी तरी ती परत फडताळात ठेवीन. गाडीत सीडी प्लेअर नसेल तर ती एकदाच संगणकावर उतरवून घ्या, मग फोनमध्ये तुमची स्वतःची फाइल राहते, तिला कुणी हात लावत नाही.

अठ्ठ्याहत्तर आरपीएमची मूळ तबकडी जुन्या बाजारात अजून मिळते, कारण ती खपलीच अफाट. पण तिला त्या वेगाचा प्लेअर आणि जाड सुई लागते, शिवाय पडली की फुटली. शौक असेल तरच त्या वाटेला जा. 'रुडॉल्फ'च्या मागच्या बाजूला 'इफ इट डझन्ट स्नो ऑन ख्रिसमस' आहे, बर्फ पडलाच नाही तर सांता घसरगाडीवरून येणार कसा, अशी पोराची काळजी. आम्ही न्यू जर्सीत राहतो, आमच्याकडे बऱ्याचदा हीच बाजू जास्त लागू पडते.