बोलत नाही तो मेनू बोलता करणे: एनव्हीडीएच्या स्क्रिप्टिंगचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा अख्ख्या एनव्हीडीएचा, म्हणजे अंध लोकांना विंडोजचा स्क्रीन बोलून वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचा, रिव्ह्यू नाहीये. तो फुकट आहे, २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करनने सुरू केला, मग जेम्स टेह आला, दोघंही स्वतः अंध, हे सगळं आपल्याला पाठ आहे. मी बोलतेय त्यातल्या एका कोपऱ्याबद्दल जिथे फार लोक जातच नाहीत, म्हणजे एखाद्या सॉफ्टवेअरचा मेनू नीट वाचला जात नसेल तर आपणच पायथनमध्ये थोडं लिहून तो वाचायला लावायचा. 'हे डेव्हलपर लोकांचं काम' म्हणून आपण सोडून देतो, पण शाळेत-कॉलेजात पायथन जरा जरी झालं असेल ना तरी पुरतं.

आमच्या ऑफिसात बिलिंगचं एक सॉफ्टवेअर आहे, नाव नको. त्याचा वरचा मेनू म्हणजे नुसती चित्रं. ऑल्ट दाबून उजवा बाण मारत गेलं की 'मेनू आयटम, मेनू आयटम, मेनू आयटम', कुठला पावतीचा कुठला रिपोर्टचा काही पत्ता नाही. शेजारच्याला विचारून क्रम पाठ करायचा आणि अपडेट आला की परत विचारायचं.

तर इथे एनव्हीडीएची पहिली जमेची बाजू, तो मेनू आतून काय आहे ते तो लपवत नाही. त्या आयटमवर उभं राहून एनव्हीडीए+एफ१ दाबायचं, लॉग उघडतो आणि त्यात त्या आयटमची सगळी कुंडली असते, नाव, रोल (बटण की मेनू आयटम वगैरे), विंडो क्लास, जागा, सॉफ्टवेअर यूआयए (स्क्रीन रीडरला माहिती पुरवायची विंडोजची सोय) वापरत असेल तर ऑटोमेशन आयडीसुद्धा. लॉगची विंडो समोर आली की मेनू बंद होतो, पण काळजी नको, माहिती त्याच्या आधीच लिहून झालेली असते. आमच्या केसमध्ये नाव रिकामं होतं पण ऑटोमेशन आयडी प्रत्येकाचा वेगळा आणि चक्क अर्थपूर्ण, म्हणजे प्रोग्रॅमरने स्वतःच्या सोयीसाठी नाव दिलंय आणि आपल्यासाठी द्यायला विसरलाय. असो.

मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन डेव्हलपर स्क्रॅचपॅड, म्हणजे आपला कोड ठेवायचं फोल्डर, चालू करायचं, त्या फोल्डरमध्ये अ‍ॅपमॉड्यूल्स म्हणून फोल्डर असतं, त्यात सॉफ्टवेअरच्या ईएक्सई फाईलच्या नावाचीच एक पायथन फाईल ठेवायची. ईएक्सईचं नाव माहीत नसेल तर एनव्हीडीए+कंट्रोल+एफ१ दाबा, तो बोलून सांगतो. त्या फाईलमध्ये ऑब्जेक्ट (मेनू आयटम, बटण अशी स्क्रीनवरची कुठलीही वस्तू) तयार होतानाचा जो इव्हेंट आहे, एनव्हीडीए ऑब्जेक्ट इनिट, तिथे लिहायचं की आयडी हा असेल तर नाव हे. बास. एनव्हीडीए+कंट्रोल+एफ३ ने प्लगइन्स रिलोड केले की मेनू बोलायला लागतो, मशीन बंद-चालू करायचीही गरज नाही. मी नावं मराठीत टाकलीयेत, 'पावती', 'येणे बाकी', 'महिन्याचा रिपोर्ट', फाईल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली की झालं, आणि एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीकचा मराठी आवाज ती वाचतो. आवाज यांत्रिक आहे हो, पण स्पीड वाढवला तरी शब्द खात नाही म्हणून मला तोच बरा वाटतो.

इथपर्यंत अगदी सोपं. खरी गंमत पुढे आहे, जेव्हा बाण मारला तरी एनव्हीडीए गप्पच बसतो कारण सॉफ्टवेअर फोकस हलल्याचा निरोपच पाठवत नाही. ऑब्जेक्ट नॅव्हिगेशनने, म्हणजे फोकस न हलवता एनव्हीडीएच्या कीजनी एकेका ऑब्जेक्टवर, गेलं तर आयटम सापडतो, पण रोज कोण एवढं फिरणार. अशा वेळी मी शॉर्टकट लिहिते, ती की दाबली की स्क्रिप्ट आत्ता समोर असलेल्या विंडोपासून खाली शोधत जाते, हवा तो मेनू सापडला की त्याची डिफॉल्ट अ‍ॅक्शन करते. आता पोटमेनू उघडल्याशिवाय त्यातले आयटम जन्मालाच येत नाहीत, म्हणजे मध्ये थांबावं लागतं, आणि तिथे पायथनवाला माणूस सवयीने स्लीप टाकणार. टाकू नका. स्क्रिप्ट एनव्हीडीएच्या मुख्य थ्रेडवर चालते, तेवढा वेळ अख्खा एनव्हीडीए मुका होतो. त्यासाठी कोअरमध्ये कॉललेटर आहे, अर्ध्या सेकंदाने पुढचं काम कर म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. तसंच गेनफोकससारखा (एखाद्या आयटमवर फोकस आल्याचा) इव्हेंट पकडलात तर शेवटी नेक्स्टहँडलर बोलवायलाच हवा, नाहीतर एनव्हीडीएचं नेहमीचं वाचणं तिथेच अडतं आणि आधी निदान 'मेनू आयटम' तरी ऐकू यायचं तेही जातं. डेव्हलपर गाईडमध्ये हे दिलेलं आहे, पण गाईड इंग्रजीत आणि तेही पाठ्यपुस्तकासारखं कोरडं, मेनूचं असं वेगळं उदाहरण घेऊन समजावलेलं नाही, म्हणून इथे मी मार्क कापणार.

अजून एक, स्क्रिप्टला डिस्क्रिप्शन द्या. नाही दिलं तर ती इनपुट जेश्चर्सच्या यादीत दिसत नाही आणि मग ज्याला फाईल दिली त्याला त्याच्या सोयीची की लावता येत नाही.

जॉज या दुसऱ्या, विकतच्या स्क्रीन रीडरशी तुलना होणारच, तर करते. जॉजमध्ये सुरुवात जास्त सोपी आहे हे मान्य करायला पाहिजे, इन्सर्ट+शून्य दाबलं की स्क्रिप्ट मॅनेजर उघडतो, तुम्ही ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहात त्याचीच फाईल समोर, लिहून कंट्रोल+एस केलं की कंपाईल, चूक असेल तर तिथेच टोकतो. मेनू चालू झाला, बंद झाला हे कळवणारा वेगळा इव्हेंटसुद्धा आहे त्यात. एनव्हीडीएत चूक झाली तर फक्त लॉगमध्ये लांबलचक एरर, ती शोधा आणि वाचा. पण जॉजची भाषा जॉजपुरतीच, बाहेर तिचा उपयोग शून्य, आणि लायसन्स नसेल तर ४० मिनिटांनी मशीन रिस्टार्ट करा. एवढ्यात माझा एक लूपसुद्धा लिहून होत नाही.

काय जमत नाही तेही सांगते. मेनू जर नुसता रंगवलेला असेल, आत ऑब्जेक्टच नाही, तर स्क्रिप्ट नाव तरी कुणाला देणार? तिथे एनव्हीडीए+आर ने ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखायला लावून, हव्या त्या शब्दावर एंटर मारायचा, किंवा गोल्डन कर्सर अ‍ॅड-ऑनने माऊसची जागा सेव्ह करून ठेवायची. दोन्ही कामचलाऊ, विंडोचा साईझ बदलला की जागा गंडते. आणि दरवर्षी एनव्हीडीएचं जे पहिलं व्हर्जन येतं त्यात आतल्या गोष्टी बदलतात, मेनू आयटमचा रोल लिहायची पद्धतसुद्धा मध्ये बदलली, तेव्हा जुनी फाईल तपासल्याशिवाय ऑफिसच्या मशीनवर नवीन व्हर्जन टाकू नका, निदान सोमवारी सकाळी तरी नको. आणि हो, या फाईलला आपल्या अकाऊंटवरचं जवळपास सगळं काही करता येतं, त्यामुळे कुणीही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली स्क्रिप्ट वाचून न बघता स्क्रॅचपॅडमध्ये टाकायची नाही.

विंडोजचा साधा मेनू असेल तर यातलं काहीच लागत नाही, तो एनव्हीडीए असाच वाचतो. तेव्हा आधी एफ१ वाली कुंडली बघा, आयडी किंवा दुसरी काही पक्की खूण सापडली तरच लिहायला बसा, नुसता 'डावीकडून चौथा' एवढ्याच भरवशावर बसू नका. आणि तोच लॉगचा तुकडा सॉफ्टवेअरवाल्यांना मेल करा, कुठल्या आयडीला नाव नाही हे त्यात सरळ दिसतं. मी केलाय, 'पुढच्या अपडेटमध्ये बघतो' असं उत्तर आलंय.