असेंबल पीसीवर काय टाकावं: जुगाडाचं विंडोज ११, मिंट का हॅकिंटॉश?

आधी माझा डबा सांगतो. इंटेलचा चौथ्या जनरेशनचा आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ चा बोर्ड, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी, एनव्हिडियाचं जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड आणि जुना व्हीजीएवाला मॉनिटर. सगळं नांदेडहून सेकंडहँड आणून परभणीत घरीच जोडलेलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, तेव्हापासून असला डबा घरात असलेला प्रत्येक जण विचारायलाय की आता काय टाकू. मी तिन्ही टाकून बघितले: अटी चुकवून बसवलेलं विंडोज ११, लिनक्सचं मिंट, आणि हॅकिंटॉश, म्हणजे साध्या पीसीवर ॲपलचं मॅकओएस. तिघांनीबी रडवलं, पण रडवायची तऱ्हा वेगळी.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) पाहिजे आणि इंटेल असला तर आठव्या जनरेशनपासून पुढचा, म्हणजे आपण दोन्हीत नापास. रुफस या सॉफ्टवेअरनं इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवताना या अटी काढायचा ऑप्शन येतो, तो टिक केला की बसतंय. अडकतं ते पार्टिशनवर. डिस्क जीपीटी (पार्टिशनची नवी पद्धत) आहे, इथं इन्स्टॉल होणार नाही असा मेसेज आला की पोरं घाईघाईत अख्खी डिस्क क्लीन मारतात आणि घरच्यांचे लग्नाचे फोटो गेले की मग मला फोन. अरे डिस्कनं काय केलंय, पेनड्राइव्ह लेगसी म्हणजे जुन्या बायोस मोडमधी बूट झालाय एवढंच. रुफसमधी जीपीटी निवडा, बूट मेनूत ज्याच्यापुढं यूईएफआय (बूटची नवी पद्धत) लिहिलंय तीच ओळ घ्या. महिन्याचे अपडेट माझ्याकडं येतायत पण त्याची हमी कुणी दिलेली नाही, आणि वर्षाचं मोठं व्हर्जन आपोआप येत नाही, पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन बसावं लागतं. कोअर २ ड्युओवाल्यांनी तर नादच सोडा, २४एच२ या व्हर्जनपासून त्याच्यावर बूटच होत नाही.

मिंट सगळ्यात सरळ. २२ ची सिरीज उबंटू २४.०४ वर आहे, २०२९ पर्यंत सपोर्ट. एनव्हिडियाच्या कार्डामुळं सुरुवातीला स्क्रीन काळी पडली तर कंपॅटिबिलिटी मोडनं चालू करा, इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाका, संपलं. नेट नसलं तर मोबाईल केबलनं लावून यूएसबी टेदरिंग करा, लगेच ओळखतंय. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डबी आहे. पण झेरॉक्सच्या दुकानादुकानात असतो तो छोटा जुना लेझर प्रिंटर, त्याच्यापायी माझा अख्खा रविवार गेला आणि निघालं काय, तर एक कोरा कागद. आणि सेवा केंद्र चालवत असाल, थंब मशीन, आयएसएम (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर), टॅली रोजचं असंल, तर मिंटच्या वाटंला जाऊच नका.

आता हॅकिंटॉश. ह्याच्यात मी लई दिवस घातले म्हणून लांबण लावतो. ओपनकोअर या बूटलोडरचं ईएफआय फोल्डर, कॉन्फिग फाईल, लिलू आणि व्हॉटएव्हरग्रीनसारखे केक्स्ट (मॅकचे ड्रायव्हर) सगळं जमवलं आणि मॉन्टेरे हे मॅकओएसचं जुनं व्हर्जन टाकायला घेतलं, कारण माझ्या प्रोसेसरातलं एचडी ४६०० ग्राफिक्स त्याच्या पुढच्या व्हेंच्युरापासून काढून टाकलंय, आणि ७५० टीआयचं ड्रायव्हर हाय सिएरा या आणखी जुन्या व्हर्जननंतर आलंच नाही म्हणून कार्ड बंद करून प्रोसेसरातल्याच ग्राफिक्सवर चालवायचं. पहिल्या रात्री इन्स्टॉलर डॅमेज्ड आहे म्हणाला. तीनदा नव्यानं डाऊनलोड केला, मग दिसलं की बायोसमधी तारीखच कितीतरी वर्षं मागं गेलीय, बोर्डावरचा सेल मेलेला. सेल बदलला, गाडी पुढं सरकली. नंतर व्हर्बोज (बूटच्या ओळी दाखवणारा मोड) चालू केलं तर पांढऱ्या ओळी भराभर धावायच्या आणि एका जागी मॉनिटर एकदम काळा. रॅम बदलली, पोर्ट बदलले, सॅटा एएचसीआयवर आहे का ते दहादा बघितलं. तीन रात्री गेल्या. मॅक मस्त चालू झालेलं होतं गड्या, फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर लोड झाला की व्हीजीएवर चित्रच येत नाही! शेजारच्याचा डीव्हीआयवाला मॉनिटर आणून लावला तर समोर भाषा निवडायची स्क्रीन.

चालतं छान, खोटं कशाला बोलू. पण मॉन्टेरेला आता सिक्युरिटी अपडेट नाहीत, ॲपलच्या लायसन्समधी दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर टाकायची परवानगीच नाही, आणि टाहो हे इंटेलवर चालणारं शेवटचं मॅकओएस. आता ह्याच्यासाठी कार्ड आणि मॉनिटर नवीन घेऊ नका. मॅकला चालणारं आरएक्स ५८० कार्ड आधीच पडून असंल आणि कामाचं मशीन दुसरं असंल तरच हौस करा.

माझं सध्या मिंट रोजचं आणि विंडोज ११ दुसऱ्या छोट्या एसएसडीवर, प्रिंटरपुरतं. तुम्हीबी असंच करणार असाल तर एक टाकताना दुसऱ्या एसएसडीची सॅटा केबल काढून ठेवा, नायतर बूटलोडर भलत्याच डिस्कवर जाऊन बसतो. आणि इन्व्हर्टर नुसता आहे म्हणून भागत नाही, आमच्याकडं लाईट जाऊन इन्व्हर्टर घेईपर्यंतच्या त्या झटक्यातच पीसी बंद पडतो, म्हणून लोडशेडिंगची वेळ बघूनच बसा.