पहिलं सैन्य: २८ मिमी की १५ मिमी?

माझ्या काचेच्या कपाटात वरच्या फळीवर साधारण २८ मिलिमीटर उंचीचे दहा छोटे शिपाई उभे आहेत. आठ रंगवून झालेले, दोन नुसत्या प्राइमरवर, म्हणजे रंगाआधीच्या लेपावर. खालच्या फळीवर १५ मिलिमीटरचे नव्वद आहेत, दोन्ही बाजूंचे, घोडे आणि तोफा धरून, आणि त्यांतला एकही अर्धवट नाही. वरच्या आठांना मला फेब्रुवारी ते जून लागले. खालचे नव्वद पुढच्या वर्षी एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत, दीड महिन्यात झाले. मी तोच, ब्रश तेच, खोली तीच.

त्यामुळे नागपुरात राहून मिनिएचर वॉरगेमिंग (असे शिपाई रंगवून टेबलावर फाशांनी लढाया खेळणं) सुरू करू पाहणाऱ्या कोणी विचारलं, "पहिलं सैन्य कोणत्या मापाचं घेऊ?", की माझं उत्तर थोडं एका बाजूला झुकलेलं असतं. ते आधीच सांगून टाकतो. तरी दोन्हींबद्दल काय आवडलं, काय खटकलं ते नीट मांडतो, कारण तुमचं घर, तुमचे डोळे आणि तुमचे भिडू माझ्यासारखेच असतील असं नाही.

२८ची ओढ मला पूर्ण कळते. एकच शिपाई दिव्याखाली धरून फिरवला की कपाळावरची आठी दिसते, पट्ट्याचं बक्कल दिसतं, बुटाच्या टाचेवरचा चिखल दिसतो आणि तो आपण स्वतः लावलेला असतो. प्लास्टिकच्या चौकटीतून हातपाय कटरने सोडवायचे, साच्याची रेघ तासायची, कोणतं डोकं कोणत्या धडावर शोभेल ते ठरवायचं, यात माझ्या कितीतरी संध्याकाळी आनंदात गेल्या. पहिला शिपाई पूर्ण झाला त्या रात्री मी तो उशाशी ठेवून झोपलो.

खेळ म्हणूनही ते कमी नाही. 'वॉरहॅमर ४०,०००' या २८च्या प्रसिद्ध खेळातल्या मोठ्या लढाईला ४४ बाय ६० इंचांचं मैदान लागतं, ते फ्लॅटमध्ये जरा कठीण. पण त्याचाच छोटा अवतार 'किल टीम' २२ बाय ३० इंचांवर चालतं, डायनिंग टेबलावर सहज मावतं, आणि सुरुवातीच्या खोक्यात दोन्ही बाजू येतात. एक मात्र धरून चाला, नियम दर तीन वर्षांनी नवे होतात. ४०,०००ची आठवी आवृत्ती २०१७ची, नववी २०२०ची, दहावी २०२३ची. किल टीमचंही २०१८, २०२१, २०२४ असंच. ज्याला सतत काही नवं हवं त्याला हे आवडेल. मी महिन्यातून दोनदा खेळणारा, मला एकदा अंगवळणी पडलेले नियम सोडवत नाहीत. पण जुन्या पुस्तकावर घरी खेळायला कोणाची आडकाठी नसते, म्हणून याचं मी फार ओझं मानलं नाही.

मला अडवलं ते रंगाने.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण थंड देशांतल्या लोकांचे व्हिडिओ बघून शिकताना हे कुठेच ऐकू येत नाही. २८च्या शिपायाचा झगा चांगला दिसायचा तर सावलीतला गडद लाल आणि उजेडातला फिका लाल ओले असतानाच एकमेकांत मिसळावे लागतात. नाहीतर पाण्यासारखे पातळ चार-पाच थर एकावर एक द्यावे लागतात. दोन्हीला रंग काही वेळ ओला राहायला हवा. आपल्याकडे मार्च सरता सरता हवा इतकी कोरडी होते की दोरीवरचा टॉवेल बघता बघता खडखडीत होतो. तिथे पॅलेटवरच्या थेंबभर अ‍ॅक्रिलिकचं काय होणार? मेमध्ये पारा ४५ला टेकला की ब्रश भरून शिपायापर्यंत नेईतो टोकाला रंग चिकट झालेला असायचा. झग्यावर ओढला की आधीच्या थराची कड तशीच उमटायची, डबकं आटल्यावर कडेला मातीची रेघ राहते तशी. चेहऱ्यावर वाळलेल्या रंगाचा कण बसला तर देवीचा व्रण असल्यासारखा दिसायचा. तो खरवडायचा, पुन्हा प्राइमर, पुन्हा पहिल्यापासून. एका सार्जंटचा चेहरा मी पाच वेळा केला.

उपाय केले नाहीत असं नाही. वेट पॅलेट केलं: स्टीलच्या चपट्या डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंगचा कागद. पॅलेटवरचा रंग त्याने तास-दीड तास तगतो आणि हा डबा प्रत्येकाने करावाच. पण ब्रशवर आणि शिपायावर चढलेल्या रंगाला त्याचा उपयोग नाही. रंगात ग्लिसरीनचा थेंब घालून पाहिला. रंग सावकाश वाळला खरा, पण दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटत होता. पंखा बंद केला तर घाम मनगटावरून थेट टेबलावर. कूलर हॉलमध्ये, म्हणून तिथे जाऊन बसलो, तर त्याच्या झोतात सुटे हात आणि बंदुका उडाल्या. त्यांतली एक बंदूक अजून सापडलेली नाही. शेवटी पहाटे पाचला उठून सातपर्यंत रंगवू लागलो. ते जमलं, पण दोन तासांत एका शिपायाचा एक झगा एवढीच मजल जायची.

स्प्रे प्राइमरचंही तेच. गच्चीवर उन्हात मारला तर फवारा शिपायापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि अंगावर भुकटी बसते, हात फिरवला तर पॉलिश पेपर. पावसाळ्यात मॅट वार्निश मारलं तर ओल धरून पांढुरकं धुकं येतं. आता मी दोन्ही ब्रशनेच लावतो, बारा महिने.

१५ मिमीमध्ये छटा मिसळायचीच नसते. शिपाई अंगठ्याच्या नखाएवढा. कोटाला लाल, पट्ट्याला पांढरा, हाता-तोंडाला कातडीचा रंग, बंदुकीला तपकिरी आणि संगिनीला चांदी. वरून गडद तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोडला की तो खाचांत उतरतो आणि सावली आपोआप पडते. मग टोपीवर, खांद्यावर फिक्या रंगाचा एकेक ठिपका. मी आइस्क्रीमच्या काडीवर आठ जण फेविकॉलच्या थेंबाने उभे करतो. आठव्याचा लाल कोट होईपर्यंत पहिला वाळून पांढऱ्या पट्ट्यासाठी तयार असतो, त्यामुळे ब्रश थांबत नाही. ज्या कोरड्या हवेने वर्षभरापूर्वी मला रडवलं होतं, तिच्यामुळेच मी मेच्या एका रविवारी दोन पलटणी संपवून उठलो. माझ्यापुरता निकाल त्या रविवारी लागला.

आता सामान. बेस, म्हणजे शिपाई ज्यावर चिकटवून उभे करतात त्या पट्ट्या, ४० मिमी रुंदीचे, २ मिमी एमडीएफचे, लेझर कटिंगवाल्याकडून एकदम कापून घेतले. त्यावर फेविकॉल आणि बांधकामातून उरलेली कन्हानची वाळू, चहाच्या गाळणीने चाळून. टेकड्या थर्मोकोलच्या. थर्मोकोल इतवारीतून आणा, आणि त्यावर स्प्रे अजिबात मारू नका, तो विरघळतो. शिपाई मी बरेचसे धातूचे मागवले आणि काही रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतले. रेझिनची संगीन हात लागताच तुटते. धातूची वाकते आणि परत सरळ होते. पहिल्यांदा घेत असाल तर धातूचेच घ्या. खर्चाचं म्हणाल तर वरच्या दहांना, त्यांच्या रंगांना आणि रूलबुकला मिळून मला जेवढे लागले, साधारण तेवढ्यात खालची दोन्ही सैन्यं उभी राहिली.

नियमांसाठी मी नील थॉमस यांचं २०१४चं 'वन-अवर वॉरगेम्स' वापरतो. प्रत्येक बाजूला जास्तीत जास्त सहा तुकड्या, प्राचीन काळापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत नऊ कालखंड, लढाईचे तीस आराखडे. एकेका कालखंडाचे नियम मोजक्याच पानांत संपतात. पंधरा घाव बसले की तुकडी बाद. मूळ मैदान तीन फूट चौरस आहे. मी सगळी अंतरं दोन तृतीयांश करून ते दोन फुटांवर आणलं, म्हणजे दिवाणावर प्लायवूडचा तुकडा टाकला की झालं. तलवारी-भाल्यांचा काळ हवा असेल तर १९९०पासून चालत आलेलं 'डी बेलिस अँटिक्विटाटिस' पाहा, ज्याला सगळे डीबीए म्हणतात. प्रत्येक बाजूला बारा बेस, संपलं सैन्य.

भिडूचा प्रश्न मात्र कोणत्याही मापात सुटत नाही. मला नागपुरात स्वतःचं सैन्य घेऊन येणारा भिडू मिळाला नाही. समोर बसतं ते घरातलंच कोणीतरी, आणि दोन्ही बाजू रंगवायच्या त्या आपणच. माझ्या समोर बसतो माझा आठवीतला भाचा. किल टीममध्ये त्याच्या प्रत्येक शिपायाला वेगळं कार्ड, वेगळी शक्ती. दुसऱ्या फेरीपासून तो दर चालीला "मामा, हा काय करू शकतो?" असं विचारू लागला आणि मी पुस्तक चाळू लागलो. वन-अवरच्या बंदुकांच्या काळात पायदळ, घोडदळ, तोफा आणि विखरून लढणारे एवढे चारच प्रकार. पहिल्या अर्ध्या तासात त्याने पुस्तकाकडे बघणं सोडलं.

मी त्याला सीताबर्डीची लढाई मांडून दिली. १८१७, २६ नोव्हेंबरची संध्याकाळ ते २७ची दुपार. दोन टेकड्या, मधे सखल धार. मोठी टेकडी कळताच तो म्हणाला, "मामा, ही तर बर्डी आहे ना? खाली टेकडी गणपती!" हो, तीच. ईस्ट इंडिया कंपनीचे लोक दीड हजारांहूनही कमी, आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य त्याच्या कितीतरी पट. २७च्या सकाळी भोसल्यांकडच्या अरबांनी लहान टेकडी घेतली आणि तिथून मोठीवर मारा सुरू केला. मग कॅप्टन फिट्झजेराल्डने बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन खाली मैदानात हल्ला चढवला, तोफा काढून घेतल्या, आणि पुढे लहान टेकडीही कंपनीने परत मिळवली. भाचा भोसल्यांकडून बसला. घोडदळ कुठून येणार हे मी आधीच सांगून बसलो होतो, तेव्हा त्याने एक पलटण मैदानाच्या तोंडाशी रोवली आणि लहान टेकडीवरून हललाच नाही. "मी टेकडी नाही सोडून राहिलो, मामा!" हे तो दर फासा टाकताना म्हणत होता. तासाभरात माझे घोडे संपले. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्याने बसमधून त्या टेकडीवरच्या किल्ल्याकडे बघितलं आणि घरी येऊन मला विचारलं की धार नेमकी कुठून कुठपर्यंत होती.

असं काही २८मध्ये मांडता येणार नाही असं मी म्हणणार नाही. पण सहा-सहा तुकड्या २८मध्ये रंगवायच्या तर माझ्या वेगाने किती उन्हाळे जातील, ते वर सांगितलेल्या सार्जंटवरून ताडून पाहा.

१५चे तोटेही आहेत. चाळिशी ओलांडली असेल तर डोक्याला लावायचं भिंग लागेल, मला लागलं. घरी आलेल्या पाहुण्याच्या हातात द्यावा असा एकही शिपाई खालच्या फळीवर नाही, तिथे सगळी शोभा समूहाची. आयतं खोकंही मला मिळालं नाही. शिपाई एकीकडून, नियम दुसरीकडून, आणि कोणाचा कोट कोणत्या रंगाचा हे वाचून काढावं लागतं. माझे कंपनीचे शिपाई खरं तर नेपोलियनच्या काळातले इंग्रज आहेत. सीताबर्डीला कंपनीकडून लढलेल्या मद्रासच्या पलटणींची टोपी निराळी होती, तेव्हा एम-सीलच्या बारीक गोळ्या लावून ती बदलायचं काम सध्या चालू आहे.

मधलं माप म्हणून १/७२चे (खऱ्या माणसाच्या बहात्तराव्या भागाएवढे) मऊ प्लास्टिकचे शिपाई काही जण सुचवतात. स्वस्त आहेत, दिसतातही छान. पण प्लास्टिक लवचीक असल्याने भाल्यांवरचा, बंदुकांवरचा रंग टवके होऊन निघतो. लहान मुलांबरोबर न रंगवता खेळायचं असेल तर उत्तम.

खेळण्यापेक्षा रंगवण्यातच तुमचा जीव असेल, घरी एसीची खोली असेल, किंवा पुण्या-मुंबईचे मित्र आधीच वॉरहॅमर खेळत असतील आणि सुट्टीत त्यांच्याकडे जाणं होत असेल, तर २८ घ्या. तुमची निवड चुकली असं मी कधी म्हणणार नाही. फक्त दिवाळीत सुरू करा, म्हणजे होळीपर्यंतचे चार महिने रंग तुमचं ऐकेल. बाकीच्यांना मी आधी एक १५ची पलटण घेऊन पाहा असं सुचवेन. आठच शिपाई, दोन बेस. एका रविवारी होतील.

वरच्या फळीवरचे दोन मी टाकून दिलेले नाहीत. या डिसेंबरात त्यांतला एक खाली काढणार आहे, पहाटेचा नाही, चांगला रात्रीच्या जेवणानंतर, पंखा बंद करून.