फोर्स गेजसाठी स्टँड: लिव्हरचा की चाकाचा?

फोर्स गेज म्हणजे ओढ किंवा दाब किती आहे ते मोजणारे उपकरण. ते नुसते हातात धरून काम भागेल का, हे आधी पाहू. झडप उघडायला किती ओढ लागते, एवढेच जागेवर तपासायचे असेल तर भागते. मात्र ओढ गेजच्या अक्षापासून १० अंशांनी कलली तरी आकडा सुमारे दीड टक्क्याने कमी येतो, शिवाय गेजच्या दांड्यावर पडणारा आडवा भार लोडसेलला, म्हणजे भाराने किंचित वाकून तो मोजणाऱ्या आतल्या भागाला, मानवत नाही. रोजच्या चाचणीसाठी स्टँड हवाच. लिव्हर ओढून गेज खाली-वर करणारा आणि चाक फिरवून ते स्क्रूने सरकवणारा असे दोन्ही स्टँड मी बराच काळ वापरले आहेत.

लिव्हरचा वेग निर्विवाद आहे. एकामागून एक नमुने लावत गेले तर चाकाच्या तुलनेत निम्म्याहून कमी वेळ लागतो, असा माझा अंदाज आहे. पण प्लास्टिकची झाकणे दाबून पाहताना मला एक त्रास सतत होत राहिला. झाकण अचानक पिचकले की हातातला सगळा जोर एकदम मोकळा होतो आणि हात आवरण्याआधीच गेजची चकती खालच्या पाटावर आदळते. पीक होल्ड (सर्वांत मोठा आकडा धरून ठेवण्याची सोय) चालू असल्याने पडद्यावर राहतो तो या धडकेचा आकडा, झाकणाचा नव्हे. एका नमुन्याचा आकडा इतरांपेक्षा फारच मोठा आला आणि त्यानंतर गेज शून्यावर परतेना, तेव्हा हे माझ्या लक्षात आले. असा धक्का गेज बंद असतानाही तितकाच बाधतो, कारण लोडसेलचे वाकणे विजेवर अवलंबून नाही.

चाकाच्या स्टँडमध्ये नमुना तुटला तरी गेज होते तिथेच थांबते. भार धरून ठेवायला हात लावावा लागत नाही, त्यामुळे आकडा निवांत वाचता येतो. फक्त प्लास्टिक किंवा रबर दाबून ठेवल्यावर भार हळूहळू उतरतो, म्हणून नोंद दरवेळी ठरावीक सेकंदांनी करावी. काम संथ होते आणि लांब ताणणाऱ्या नमुन्यांना चाक फिरवून मनगट दुखते, हे मान्य करायला हवे.

बसवणी दोन्हींची सारखीच आहे. स्टँड टेबलाला बोल्टने पक्का करावा. गेज लावताना सोबत आलेलेच स्क्रू वापरावेत, कारण लांब स्क्रू आतल्या भागांपर्यंत पोहोचू शकतो. हूक पाना न लावता बोटांनीच आवळावा, कारण दांड्याला पीळ बसता कामा नये. गेज ज्या स्थितीत वापरायचे त्याच स्थितीत, हूक किंवा चकती लावल्यावर शून्य करावे, कारण त्यांचेही वजन मोजले जाते. डोळ्यांवर चष्मा असावा आणि बोटे दाबाच्या वाटेत नसावीत.

दिवसाला शेकडो नमुने असतील आणि ते न तुटणारे असतील, तर लिव्हर घेणे कदाचित योग्य ठरेल. तो घ्याल तेव्हा खालच्या मर्यादेचा स्टॉपर असलेलाच घ्यावा. नमुने तुटेपर्यंत दाबायचे असतील, तर मी पुन्हा चाकाचाच स्टँड घेईन.